दुनळीवर्णनिर्णय

कमलाकरभट्टांनी 1612 साली ‘निर्णयसिंधु’ पुरा केला आणि कोणती तिथी कोणत्या दिवशी धरावी, सुतक किती दिवस पाळावे, श्राद्धाचा अधिकार कुणाचा, असल्या अनेक घोळांचा निकाल लावून टाकला. बारा बोअरच्या दुनळी बंदुकीला कोणता रंग द्यावा, हे सांगायचे मात्र राहून गेले. पुढच्या चारशे वर्षांत एकाही शास्त्रकाराने ही उणीव भरून काढू नये, याला काय म्हणावे? ते काम आता दिघीला करावे लागत आहे.

स्थलनिर्णय

दिघीच का, असा आक्षेप येईल. उत्तर असे. दिघी हे पुणे–आळंदी रस्त्यावरचे गाव, 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. इथे एका अंगाला लष्कर आहे: पूल आणि पिनाका रॉकेटचे लाँचर घडवणारी संरक्षण संशोधनाची प्रयोगशाळा आहे, टेकडीवर लष्कराचे इंजिनिअरिंग कॉलेज आहे आणि चौकाला नावसुद्धा मॅगझिनचे आहे. खडकीचा 1869 चा दारूगोळा कारखाना फार लांब नाही. ‘शक्तिमान’ छापाची बारा बोअरची काडतुसे त्याचीच. दुसऱ्या अंगाला भोसरी एमआयडीसी. तिथे लोखंडाची कोणतीही वस्तू रंगाशिवाय गेटबाहेर पडत नाही.

आता फौजेतून निवृत्त झालेला हवालदार काय करतो? दिघीत दीड गुंठ्यात घर बांधतो, शस्त्रपरवाना काढतो, दुनळी घेतो आणि बँकेच्या दारात उभा राहतो. त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर पावडर कोटिंगचे शेड असते. बंदूक आणि रंग यांचा असा शेजार दुसरीकडे सहजी सापडत नाही. म्हणून हा प्रश्न उपटला तर दिघीतच उपटणार, इति सिद्धम्.

अनुबंध

शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगाव्यात असा दंडक आहे. विषय: दुनळीच्या नळ्यांचा रंग. (दस्ता अक्रोडाचा, त्याला जवसाचे तेल, त्यात वाद नाही.) अधिकारी: परवानाधारक. त्याची बायको अधिकारी नाही, पण मत देते. संबंध: लोखंड आणि पुण्याचा पावसाळा यांचा. प्रयोजन: गंजापासून बचाव, असे वरवर दिसते. खरे प्रयोजन निराळे आहे.

रखवालदाराची बंदूक काय काम करते, याचा विचार आजवर कुणी केलेला नाही. शिकाऱ्याची बंदूक उडते, खेळाडूची उडते, कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूकही रानडुकराला भिववण्यापुरती उडते. बँकेच्या दारातली दुनळी सकाळी दहाला उभी राहते आणि संध्याकाळी घरी जाते. तिचा चाप, घोडे, काडतुसे सगळे जागच्या जागी असते आणि देवाच्या कृपेने जागच्या जागीच राहते. दिवसभर ती एकच काम करते: दिसते. तेव्हा रखवालदाराच्या बंदुकीचा रंग हा तिचा एकमेव चालता भाग होय. या ग्रंथाचे हेच मुख्य प्रमेय.

प्रथम पूर्वपक्ष: पावडर कोटिंग

भोसरीचे म्हणणे असे की लोखंड आले म्हणजे पावडर आली. सेव्हन टँकमध्ये तेल काढायचे, गंज काढायचा, फॉस्फेटिंग करायचे, मग हुकाला टांगून पावडर मारायची आणि ओव्हनला लावायचे. आमचे हवालदारसाहेब बंदूक घरी ठेवून, मोबाइलमध्ये तिचा फोटो घेऊन एका शेडवर गेले. तिथला संवाद प्रमाण म्हणून उतरवून घेतला आहे.

“गनला कोटिंग करायचंय.”

“काका, गनला कशाला कोटिंग? आम्ही गननेच पावडर मारतो. हवा मारली की साफ होते.”

“ती गन नव्हे. ही.”

फोटो पाहून पोरगा जरा मागे सरला. मग धंद्याचा माणूस जागा झाला. “मटेरियल एमएस का? किती पीस?”

“एक.”

“एका पिसासाठी शेड बदलायला परवडत नाही काका. दोनशे करा, रेट काढून देतो.”

दोनशे दुनळ्यांची ऑर्डर देणारा माणूस बँकेच्या दारात उभा राहत नाही, हा विनोद सोडून देऊ. खरा दोष उष्णतेत आहे. पावडर 180 ते 200 अंशांवर भाजावी लागते. दुनळीच्या दोन नळ्यांमध्ये वरखाली ज्या पट्ट्या असतात, त्या जुन्या रीतीने कथील-शिशाच्या डागाने बसवलेल्या असतात आणि कथील-शिशाचे नेहमीचे मिश्रण 183 अंशांवर पाणी होते. म्हणजे ओव्हनमध्ये टांगलेली दुनळी रंग पक्का होता होता पट्टी सोडून बसेल. दुनळी आत गेली आणि दोन एकनळ्या बाहेर आल्या, तर परवान्यावर काय लिहायचे?

शिवाय पावडरचा थर 60 ते 80 मायक्रॉन जाड. खिडकीच्या ग्रिलला तो शोभतो. पण बंदूक मोडून काडतूस भरतात त्या सांध्याला एवढी जाडी झेपत नाही. बंदूक मिटायचीच नाही. उघड्या बंदुकीने उभा असलेला रखवालदार चोराला आमंत्रण देतो, असे नीतिशास्त्रही म्हणेल.

द्वितीय पूर्वपक्ष: ब्लॅकोडायझिंग

नटबोल्ट, पिना आणि गिअर काळे करण्याची भोसरीची रीत म्हणजे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या टाकीत बुडी. टाकी साधारण 140 अंशांची, थर एक-दोन मायक्रॉनचा. सांधा वाचला, आच कमी झाली. हवालदारसाहेबांचा चेहरा खुलला. पण कॉस्टिक हे जात्याच खादाड. कथील-शिशाचा डाग तो चवीने खातो. वर पट्ट्यांच्या फटीत जे क्षार अडकतात, ते धुऊन निघत नाहीत आणि महिन्याभराने आतूनच गंज फुलवतात. बोल्टला डाग नसतो, म्हणून त्याला हे चालते. सबब हाही पक्ष बाद.

तृतीय पूर्वपक्ष: अमेरिकन सिरॅमिक

अमेरिकेत सेराकोट नावाचा रंग निघाला आहे. त्यात चिनी मातीच्या जातीचे कण असतात. त्याचा एक प्रकार 120 अंशांच्या आसपास दोन तास भाजला की पुरतो, थर 25 मायक्रॉनच्या घरात. डाग वितळत नाही, घाम लागत नाही, ओरखडा लवकर पडत नाही. शास्त्रदृष्ट्या हा पक्ष बिनतोड. याच्यामुळेच सगळा घोटाळा झाला, कारण याच्याबरोबर शेड कार्ड आले आणि ‘कोणता रंग’ हा प्रश्न जन्माला आला. तोवर बंदुकीला रंग असतो, हे कुणाच्या ध्यानातही नव्हते.

वर्णपरीक्षा

रंगांना नंबर देण्याची विद्या जर्मनांची. 1927 मध्ये त्यांनी राल पद्धत चाळीस रंगांवर सुरू केली. आज तिच्या मूळ कार्डातच दोनशेच्या वर रंग आहेत. आपल्याकडे भारतीय मानक 5 हा क्रमांकच मुळी रंगांचा. एवढ्या सगळ्यांतून दुनळीला लायक कोण, ते आता पाहू.

ऑलिव्ह ग्रीन: हवालदारसाहेबांचा जीव यावर. परंतु फौजेचा हिरवा लपण्यासाठी असतो आणि रखवालदाराचे काम दिसण्याचे. दिघीत तर लष्कराची फाटके, ट्रक, टँकर सारे या रंगाचे; माणसाची नजर त्यावरून न अडखळता पुढे जाते. ज्याच्याकडे कुणी पाहतच नाही, तो भिववणार कसा?

पानाफुलांची शिकारी नक्षी: बदकांच्या शिकारीला परदेशात ही वापरतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार मिटली. बँकेत लपायचेच असेल तर नक्षी मुदत ठेवीच्या पोस्टरची, ग्रॅनाइटची आणि कुंडीतल्या मनीप्लांटची काढावी लागेल. तशी शेड कार्डावर नाही.

केशरी: रंग पवित्र, पण अमेरिकेत खेळण्यातल्या बंदुकीच्या तोंडाला केशरी टोपण लावायचा कायदा आहे, ती खरी वाटू नये म्हणून. आपल्याकडेही टिकल्यांचे पिस्तूल याच गोत्रातले. खरी बंदूक खोटी दिसावी, यासाठी एवढा खर्च कशाला?

सोनेरी: भोसरी–मोशी पट्ट्यात हा रंग गुंठामंत्र्यांच्या गळ्यात शोभतो. रखवालदाराच्या हातात सोनेरी दुनळी दिसली, तर गिऱ्हाईक थेट लॉकर तपासायला धावेल.

पोस्टाचा लाल, भारतीय मानकात नंबर 538: दिसण्याच्या कसोटीला पहिल्या नंबरने पास. पण बँकेच्या दारात लाल रंगाची, दोन भोकांची वस्तू उभी केली, तर दुपारपर्यंत तिच्यात चेक सापडू लागतील.

पॅनेलचा राखाडी, राल 7032: भोसरीत याला सीमेन्स ग्रे म्हणतात आणि निम्म्या शॉपफ्लोअरचे इलेक्ट्रिक पॅनेल याच रंगाचे. दुनळीला हा दिला, तर कुणीतरी सवयीने तिच्यावर कवटी आणि ‘440 व्होल्ट, धोका’ची पाटी ठोकणार. त्याने दरारा वाढेल, हे आम्ही मान्य करतो. पण तो दरारा महावितरणचा. हवालदारसाहेबांच्या तेवीस वर्षांच्या नोकरीचा नव्हे.

ढगाळ चट्ट्यांचा राजवर्ण: लंडनच्या पर्डीसारख्या 1814 पासूनच्या पेढ्या बंदुकीच्या बॉडीला हाडांच्या कोळशात भाजून एकदम पाण्यात विझवतात, त्यातून निळे, तपकिरी, राखी चट्टे उमटतात. संस्थानिकांना हे परवडले. पेन्शनीत बसत नाही.

रोजच्याला एक आणि सणावाराला एक अशा दोन-तीन रंगांच्या बंदुका ठेवाव्यात, अशी सूचना घरातून आली. पूर्वी कायद्याने तीन हत्यारे ठेवता येत. 2019 च्या दुरुस्तीने ती दोनावर आणली. मॅचिंगची हौस सरकारने मुळातच खुडली.

खंडेनवमीची कसोटी

प्रत्येक रंग शेवटी एका दिवसाला सामोरा जातो. खंडेनवमीला भोसरीत लेथला हार चढतो, प्रेसला कुंकू लागते आणि दिघीच्या घरात पाटावर दुनळी येते. तिच्यावर हळदीकुंकवाची बोटे उठतात, वर ओल्या झेंडूचा हार. रात्रभर ती ओल नळीवर बसते आणि सकाळी पाकळ्यांच्या आकाराचे तांबूस डाग दिसतात. आता रंग असा हवा की हे सोसेल आणि कुंकू उठूनही दिसेल. लालावर कुंकू हरवते, केशरीवर फिकुटते, हिरव्यावर मळकट दिसते, सोनेरीवर देवस्थानची पेटी वाटते. काळ्यावर मात्र कुंकू असे बसते, की शस्त्र तेवढ्यापुरते दैवत होते. वर्णपरीक्षेचा निकाल इथेच लागला, पण शास्त्राला कायद्यापुढे थांबावे लागते.

राजशासन

1959 च्या शस्त्र कायद्याचे कलम 3 परवान्याशिवाय बंदूक बाळगू देत नाही, कलम 5 प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो. म्हणजे भोसरीतल्या पोराने दोनशे पिसांची अट सोडली असती, तरी दुनळी त्याच्या हुकाला टांगता आली नसती. टांगल्या क्षणी तो बिनपरवाना बंदूकधारी झाला असता. कलम 8 आणखी पुढचे: बंदुकीवरचा नंबर, नाव, खूण पुसणे गुन्हा. रंगाआधी वाळूचा मारा करून लोखंड उघडे करतात. त्यात नंबर घासला गेला तर गंजाच्या भीतीने निघालेला माणूस पोलीस ठाण्यात पोचतो. सबब काम परवानाधारक बंदूकवाल्याकडेच, आणि तेही नंबर झाकून.

सिद्धांत

पुण्यातल्या बंदूकवाल्याने शेड कार्ड बाजूला सारले आणि दुनळीची जुनी रीत सांगितली. नळ्या निर्मळ धुवायच्या, तेलाचा अंशही ठेवायचा नाही, आम्लाचे पातळ पाणी चोळायचे आणि दमट पेटीत ठेवून मुद्दाम गंज चढू द्यायचा. तांबूस भुकटी धरली की नळ्या साध्या पाण्यात उकळायच्या. तांबडा गंज काळा होतो. मऊ तारेच्या ब्रशने सैल भुकटी झाडायची, की खाली राखट काळी झाक दिसते. हेच पाच-सहा वेळा. दर फेरीला काळेपणा खोल जातो, शेवटी तेल. पाणी 100 अंशांच्या वर जात नाही, म्हणून डाग शाबूत. कॉस्टिक नाही, म्हणून फटी निर्धोक. थर नगण्य, म्हणून सांधा मिटतो.

गंज टाळण्यासाठी गंजच चढवायचा, हे ऐकून हवालदारसाहेब घटकाभर गप्प होते. पण काट्याने काटा काढण्याची ही विद्या शास्त्राला मान्य आहे: तांबडा गंज लोखंडाला खातो, काळा त्याला झाकतो.

म्हणून निर्णय असा: दुनळी काळीच असावी. लहान पोरापासून दरोडेखोरापर्यंत सगळ्यांच्या मनात बंदूक काळी आहे. जिला पटवून द्यावे लागत नाही, तीच पटकन भिववते. हवालदारसाहेबांची दुनळी आधीही काळीच होती, हा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. आधी ती योगायोगाने काळी होती, आता निर्णयाने काळी आहे. हा फरक ज्याला कळत नाही, त्याने शास्त्राच्या वाटेला जाऊ नये.

फलश्रुती

जो परवानाधारक हा निर्णय नित्य पठण करील, त्याच्या दुनळीला गंज शिवणार नाही, पावसाळा बाधणार नाही, खंडेनवमीचे डाग राहणार नाहीत. अट एकच: पठण झाल्यावर तेलाचे फडके नळ्यांवरून एकदा फिरवावे. पठण न करता फिरवले, तरी फळ तेच.