पौंडपंडित

लिफ्टमध्ये शिरल्याबरोबर पंडित आधी पाटी वाचतात. 'सहा व्यक्ती, ४०८ किलो.' मग आत दाटीवाटीने उभ्या असलेल्या आम्हा पाचजणांवर नजर फिरवून म्हणतात, "म्हणजे माणशी अडुसष्ट. वेल्टरच्या बाहेर गेलं की हो हे!" अडुसष्ट किलो म्हणजे दीडशे पौंड, आणि बॉक्सिंगमधला वेल्टरवेट गट १४७ पौंडांवर संपतो. लिफ्ट बनवणाऱ्यांनी सरसकट सगळ्यांना एक गट वर ढकललं, ही पंडितांची जुनी तक्रार. सोसायटीच्या वार्षिक सभेत त्यांनी ती मांडलीही होती. सेक्रेटरींनी 'लिफ्टच्या देखभालीबाबत चर्चा झाली' असं इतिवृत्तात लिहून विषय मिटवला.

पंडित हे त्यांचं आडनाव नव्हे. पौंडपंडित या पदवीतलं ते अर्धं आहे. विमा कंपनीत पस्तीसेक वर्षं कोण किती जगेल याचे तक्ते पाहण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर कोण कुणाला कितव्या राउंडमध्ये लोळवेल याचे तक्ते त्यांनी स्वखुशीने हाती घेतले. दूधवाला त्यांच्या हिशेबात बँटम, खांद्यावरून सिलिंडर आणणारा सुपर मिडल, आणि मी 'क्रूझर होता होता राहिलेला'. घरच्या मंडळींचे गट ते जाहीर करत नाहीत. कुठे गार्ड खाली सोडायचा नाही, एवढं तरी माणूस बॉक्सिंग बघून शिकतोच.

स्वतः पंडितांनी जन्मात कुणाला ठोसा मारलेला नाही, खाल्लेलाही नाही. तो त्यांचा प्रांतच नव्हे. त्यांना एकाच प्रश्नाने पछाडलंय: वजन वजा जाता श्रेष्ठ कोण? ४७ किलोचा रिकार्डो लोपेझ आणि शंभर किलोचा मुहम्मद अली यांना समोरासमोर उभं केलं तर काय होईल हे शेंबडं पोरही सांगेल. पण दोघांना एकाच मापाचं केलं तर? हे करायचं कसं, असं विचारलं की पंडित दोन्ही हातांनी हवेत काहीतरी दाबतात आणि ओढतात. लोपेझ थोडा ताणला जातो, अली थोडा चेपला जातो, आणि मधे कुठेतरी, पंडितांच्या पोटासमोर, दोघांची लढत सुरू होते.

या धर्माचा आद्यपुरुष म्हणजे शुगर रे रॉबिन्सन. वेल्टरचं विश्वविजेतेपद, मिडलवेटचं तब्बल पाच वेळा, सुमारे दोनशे लढती. 'पाउंड फॉर पाउंड' हा शब्दप्रयोग त्याच्या आधीही होता, पण लोकांच्या तोंडी बसला तो त्याच्यामुळे. हेवीवेट विजेता सगळ्यांत मोठा हे तर उघडच दिसतं. मग या दीडशे पौंडांच्या माणसाला सगळ्यांत थोर म्हणायचं कसं? त्यासाठी केलेली ही सोय. पंडितांसमोर रॉबिन्सनचं नाव काढायचं असेल तर आधी घरी फोन करून जेवायला उशीर होईल असं कळवून ठेवावं.

कारण मग १९५२ सालची लढत निघते. २५ जून, न्यूयॉर्कचं यँकी स्टेडियम. रॉबिन्सन लाइट हेवीच्या विजेतेपदासाठी जोई मॅक्झिमशी लढायला उभा राहिला. मॅक्झिम पंधराएक पौंडांनी जड. रात्रीची वेळ, पण उकाडा असा की रिंगपाशी पारा शंभर फॅरेनहाइटच्या पुढे. तो आकडा पंडित सेल्सिअसमध्ये सांगतात, "चाळीस!" एकदा बैठकीत नागपूरचे एक पाहुणे होते. ते म्हणाले, "चाळीस? जूनमध्ये? चांगलंय की." पंडितांनी त्यांच्याकडे जो कटाक्ष टाकला तो मी विसरणार नाही. दहावा राउंड संपता संपता रूबी गोल्डस्टीन, म्हणजे ज्याने कुणाचा ठोसा खायचा नसतो तो रेफरी, उष्म्याने गलितगात्र झाला. रे मिलर नावाचा दुसरा रेफरी आणावा लागला. तिन्ही पंचांच्या कागदावर रॉबिन्सन पुढे होता. तेराव्या राउंडनंतर मात्र तो स्टुलावरून उठू शकला नाही.

नोंदींत ही लढत मॅक्झिमच्या नावावर आहे. पंडितांच्या वहीत ती उकाड्याच्या नावावर आहे. "मॅक्झिमने काय केलं? उभा राहिला. उभा तर तंबूचा खांबही राहतो." रॉबिन्सनला खरोखर हरवणारा कोण, असं कुणी विचारलं तर उत्तर: जेक लामोटा, १९४३, आणि तोही सोळाएक पौंडांनी जड, शिवाय सहापैकी पाच वेळा रॉबिन्सनच जिंकला. एकूण हिशेब असा, की माणूस हरला तरी वजनाचा फरक त्याच्या खात्यात जमा करायचा. अशा खतावणीत रॉबिन्सन कधी कर्जात जात नाही.

पंडितांची वही मी पाहिली आहे. शाळेतल्या मुलांची असते तसली, दोनशे पानी. डाव्या पानावर यादी, उजव्या पानावर दुरुस्त्या. नावं पेन्सिलीने, कारण ती सारखी हलतात. एकटा रॉबिन्सन शाईत. दुसऱ्या जागी बरीच वर्षं हेन्री आर्मस्ट्राँग आहे. १९३८ साली त्याने फेदर, लाइट आणि वेल्टर ही तीन विजेतेपदं एकाच वेळी बाळगली होती, आणि तीही गट फक्त आठ होते तेव्हा. आता आठाचे सतरा झालेत, कुठे अठरा, आणि प्रत्येक गटात चार-चार संस्थांचे पट्टे. पंडित म्हणतात, "पूर्वी विजेतेपद मिळवावं लागायचं, आता चुकवावं लागतं." वेल्टरच्या लढतीआधी वजन फार कमी भरू नये म्हणून आर्मस्ट्राँग पोटभर पाणी आणि बिअर पिऊन काट्यावर चढला असं सांगतात. हे सांगताना पंडितांचा आवाज भरून येतो. वजन उतरवण्यासाठी घाम गाळणारे उदंड; वाढवण्यासाठी प्यायलेला महापुरुष एकच.

तिसऱ्या जागेवरून मात्र रोज रणकंदन. जिमी वाइल्ड हा वेल्सचा खाणकामगार, जेमतेम शंभर पौंडांचा, जत्रेतल्या तंबूत दुपटीच्या गड्यांना आडवं करणारा. 'हातात हातोडा घेतलेलं भूत' म्हणायचे त्याला. मॅनी पॅकियाओ १९९८ साली ११२ पौंडांत विजेता झाला, आणि चढत चढत २०१० साली थेट १५४ पौंडांच्या पट्ट्यापर्यंत पोचला. आठ वेगवेगळ्या गटांत विजेतेपद. त्याच्या उलट लोपेझ. जवळजवळ सगळी कारकीर्द त्याने सगळ्यांत खालच्या गटात काढली आणि न हरता निवृत्त झाला. आता मोठा कोण? मजले चढणारा, की तळमजल्यावर राहून कुणालाही आत येऊ न देणारा? इथे पंडितांची निष्ठा मला जरा डळमळीत वाटते. सोमवारी ते चढणाऱ्यांच्या बाजूचे असतात, आणि लिफ्ट बंद पडली की लोपेझच्या.

हेवीवेटांवर त्यांचा राग आहे. त्या गटाला वरची मर्यादाच नाही. "ज्याला वजन करायची गरज नाही त्याचं मोजायचं काय?" 'द रिंग' हे नॅट फ्लायशरने १९२२ साली काढलेलं मासिक. त्यात १९९० च्या सुमारास अशी यादी नियमित येऊ लागली तेव्हा पहिला नंबर होता माइक टायसन, म्हणजे हेवीवेटच. पंडितांना हा धर्मद्रोह वाटतो. १९९० च्या फेब्रुवारीत टोकियोत बस्टर डग्लसने टायसनला झोपवलं, तो पंडितांच्या मते दैवी न्याय. आणि डग्लस जड होता, हे इथे मात्र टायसनच्या खात्यात जमा होत नाही.

त्यांची पुतणी बारावी सायन्सला आहे. तिने एका रविवारी कागदावर काढून दाखवलं, की प्राण्याचा आकार दुप्पट झाला तर वजन आठपट होतं, पण स्नायूचा छेद, म्हणजे ताकद, चौपटच. त्यामुळे वजनाच्या मानाने लहान प्राणी नेहमीच ताकदवान दिसणार. "म्हणजे काका, तुमच्या नियमाने पहिला नंबर मुंगीचा."

पंडित पोहे खाता खाता थांबले. मग म्हणाले, "मुंगीने बारा राउंड कुणाशी केले?"

पोरगी हटली नाही. तिने वेटलिफ्टिंग काढलं. तिथे वेगवेगळ्या गटांतल्यांची तुलना करायला सिंक्लेअरचं सूत्र आहे. गुणक लावायचा आणि मोकळं व्हायचं. तुर्कस्तानच्या नईम सुलेमानोग्लूने १९८८ साली सोलला साठ किलोच्या गटात १९० किलो डोक्यावर नेले. तिप्पट! सूत्रात घाला, उत्तर काढा, कसली वही न् कसली भांडणं? पंडित हळूच म्हणाले, "लोखंड उलट मारत नाही, बाळ." हा मुद्दा मला पटला. पण मला वाटतं त्यांना खरं दुखलं ते 'मोकळं व्हायचं' या शब्दांनी. मोकळं झाल्यावर रविवारी करायचं काय?

म्हणूनच खऱ्या लढतीची पंडितांना धास्ती असते. यादीतले पहिले दोघे एकाच वजनाचे निघाले आणि एकमेकांसमोर आले, यापेक्षा मोठं संकट नाही. मेवेदर आणि पॅकियाओ यांचं २००९ पासून आज होणार, उद्या होणार चाललं होतं. ती पंडितांची सुवर्णवर्षं. वाद रंगायचे, चहा गार व्हायचा. मग मे २०१५ मध्ये दोघे खरोखरच लास व्हेगासला रिंगमध्ये उतरले, आणि आपल्याकडे रविवार सकाळ वाया गेली. मेवेदर एकमताने जिंकला. पंडित दोन दिवस दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी पॅकियाओच्या उजव्या खांद्याला दुखापत होती अशी बातमी घेऊन ते टवटवीत चेहऱ्याने हजर. "खांदा शाबूत असता तर?" दुकान पुन्हा उघडलं.

२०२४ साली उसिकने तर त्यांची पंचाईतच केली. क्रूझरमधून वर आलेला हा गडी, आणि टायसन फ्युरीला त्याने एकदा नव्हे, दोनदा हरवलं. डिसेंबरच्या लढतीत तर वजनातला फरक पन्नास पौंडांच्याही वर. लहान्याने थोरल्याला धूळ चारली, पंडितांनी पेढे वाटायला हवे होते. पण चेहरा उतरलेला. "त्याला कल्पनेत जिंकवायची सोयच ठेवली नाही हो त्याने."

एका नावाबद्दल मात्र पंडित वाद घालत नाहीत, घालूही देत नाहीत. मेरी कोमने लंडन ऑलिम्पिकआधीची विश्वविजेतेपदं ४५ ते ४८ किलोच्या दरम्यान मिळवली. २०१२ साली ऑलिम्पिकमध्ये बायकांचं बॉक्सिंग प्रथमच आलं, तेव्हा गट तीनच ठेवले, आणि त्यात सगळ्यांत खालचा ५१ किलोचा. तिच्यासाठी कुणी गट खाली आणला नाही, तीच वर गेली आणि ब्राँझ घेऊन आली. पुढे २०१८ मध्ये पोलंडला वजन दोन किलो जास्त भरलं, तर स्पर्धेपूर्वीच्या चार तासांत दोरीच्या उड्या मारून तिने ते उतरवलं. पंडितांनी हे ऐकून घरी दोरी आणली. खालच्या मजल्यावरच्यांनी ती चौथ्या मिनिटाला बंद पाडली. दोन किलो म्हणजे काय हे आपल्याला त्या चार मिनिटांत कळलं असं ते सांगतात.

यंदा त्यांच्या आग्रहाखातर आम्ही कोल्हापूरकडच्या एका गावात जत्रेच्या कुस्त्या बघायला गेलो. वाटेत पंडित खुशीत होते. खाशाबा जाधवांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला ब्राँझ आणलं ते बँटम गटात, म्हणजे आपलाच माणूस. आणि गामा पैलवानाला १९१० साली लंडनच्या स्पर्धेत आकाराने लहान म्हणून आधी घेतच नव्हते, म्हणजे तोही आपलाच. फडावर पोचल्यावर त्यांनी पहिली चौकशी वजनकाट्याची केली. काटा नव्हता. हलगी कडाडत होती, लाल मातीत पोरं लंगोट कसून घिरट्या घालत होती, आणि एक फेटेवाले वस्ताद दोघादोघांना शेजारी उभे करून, एकाचा दंड दाबून, दुसऱ्याची मान चाचपून जोड ठरवत होते. दोन सेकंदांत एक जोड. पंडित अवाक झाले. ज्या कामाला त्यांनी वह्या भरल्या ते हा गृहस्थ दोन बोटांनी उरकत होता.

न राहवून ते पुढे झाले. "वस्ताद, एक विचारू? वजन बाजूला ठेवलं, तर आजवरचा सगळ्यांत थोर पैलवान कोण?"

हलगीच्या आवाजात वस्तादांना निम्मंच ऐकू गेलं असावं. त्यांना वाटलं, पाहुण्यांना लढायचंय. त्यांनी पंडितांचा दंड दोन बोटांत धरला, दाबला, जरा थांबून पुन्हा दाबला, आणि मागे बसलेल्या पंचांना ओरडून सांगितलं, "ह्यास्नी जोड न्हाई बरं का आपल्याकडं!"

परतीच्या एसटीत पंडितांनी वही काढली. दहाव्या जागेवरचं नाव खोडलं, आणि पेन्सिल कानावर ठेवून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. तिथे आता कोण, असं मी विचारलं. म्हणाले, "सध्या रिकामी ठेवलीय."