कुंभार्लीची उतरण आणि दीड युनिट

कोथरूडच्या एका निवृत्त काकांची नवी विजेची गाडी एका चार्जिंगमध्ये 465 किलोमीटर जाते. कागदावर. असे आकडे प्रमाणित करणारी एआरएआय ही संस्था वेताळ टेकडीवर आहे, आणि काका रोज पहाटे त्याच टेकडीवर फिरायला जातात. अर्धं पुणे तिला एआरएआय टेकडीच म्हणतं. त्यामुळे हा आकडा आपल्याच वाड्यातला, अशी त्यांची भावना. चाचणीत गाडी रोलरवर पळते. तिथे वेग ताशी 90 च्या वर जात नाही, एसी बंद असतो, घाट नसतो, आणि मागच्या सीटवर काकूंची बहीण कुरडयांचे डबे मांडीवर घेऊन बसलेली नसते.

शोरूममधल्या तरुणाला सनरूफ किती उघडतं आणि आतल्या दिव्यांना किती रंग आहेत, हे तोंडपाठ होतं. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची, तेही त्याने सांगितलं. बॅटरी किती युनिटची, असं विचारल्यावर मात्र तो "सरांना बोलावतो" म्हणून गेला तो चहा घेऊनच आला. गाडी ताब्यात देण्याच्या दिवशी नारळ फुटला, हार चढला आणि मंडळी गाडी सुरू होण्याची वाट बघत उभी राहिली. गाडी केव्हाच सुरू झाली होती. आवाजच नाही म्हटल्यावर फोटोवाला "काका, स्टार्ट करा ना" म्हणत राहिला. सोसायटीत चार्जर लावण्याची परवानगी हा वेगळा विषय आहे. तीन सभांनंतर सेक्रेटरींनी मान्य केलं की काकांच्या मीटरमधून काकांच्या गाडीत जाणारी वीज ही जिन्यातल्या दिव्याची चोरी नव्हे.

वैशाखात गुहागरला जायचं ठरलं. उंब्रजपर्यंत महामार्ग, मग पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण. पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. खेड-शिवापूरचा टोलनाका ओलांडल्यावर स्टिअरिंग काकूंनी घेतलं. काकू तीस वर्षं गिअरच्या गाडीला "खेकसते मेली" म्हणत आल्या होत्या. इथे गिअर बदलणंच नाही, आणि विजेची मोटर उभ्या जागेवरूनच पूर्ण ताकद लावते. काकूंनी स्पोर्ट मोड लावला आणि पायावर जरा वजन दिलं. मागच्या सीटवर डब्यांतल्या कुरडया मांडीवरून अंगावर आल्या.

यात नवल काही नाही. ताशी 100 किलोमीटरचा टप्पा जगात पहिल्यांदा ओलांडला तो विजेच्याच गाडीने, 1899 साली. कामी जेनात्झी नावाचा बेल्जियन गृहस्थ पॅरिसजवळ तोफगोळ्याच्या आकाराच्या गाडीवर छातीपर्यंत उघड्यावर बसून 105.88 च्या वेगाने गेला होता. त्याच्या पुढच्या चार्जिंगची चौकशी करायला मागे कुणी बसलेलं नव्हतं, एवढाच फरक.

काकूंचा वेग 110 वर गेला तसे पडद्यावरचे उरलेले किलोमीटर झरझर उतरू लागले. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 80 च्या तुलनेत 110 ला तो जवळजवळ दुप्पट होतो. काका हे समजावून सांगत होते तेवढ्यात सिॲटलहून लेकीचा फोन आला. गाडीत सिमकार्ड असतं आणि गाडीचं ॲप लेकीच्याही मोबाइलवर आहे. "बाबा, एकशे दहा? या वयात?" काकांनी उलगडा केला नाही. काकूही गप्प राहिल्या. पूर्वी मुलं कुठे आहेत, हे आईबापांना कळत नसे. आता आईबापांनी एसी किती अंशांवर ठेवलाय, हेही मुलांना कळतं. याला प्रगती म्हणायचं.

साताऱ्याच्या पुढे एका हॉटेलच्या आवारात चार्जर होता. त्यासाठीचं ॲप काकांकडे नव्हतं. दुसरी सहा होती, आणि प्रत्येकात थोडेथोडे पैसे अडकून पडलेले होते. सातवं उतरवून, ओटीपी येऊन, गन लावेपर्यंत शेजारी दुसरी गाडी येऊन लागली. यंत्रावर 60 किलोवॅट लिहिलेलं असलं तरी दोन गाड्या लागल्या की तो आकडा वाटून घ्यावा लागतो. मिसळ आली, संपली, ताक झालं. तोवर भोवती माणसं जमली होती. एकाने विचारलं, "पावसात शॉक नाय बसत?" काकांनी आनंदाने सांगितलं की गन नीट बसून गाडीचं आणि चार्जरचं आपसात बोलणं झाल्याशिवाय त्यात वीज सोडलीच जात नाही. "म्हंजी आधी ओळखपाळख, मग येवार," तो म्हणाला. ऐंशी टक्के झाल्यावर काकांनी गन काढली, कारण शेवटच्या वीस टक्क्यांना बॅटरी फार आढेवेढे घेते.

कोयनानगरच्या पुढे प्रवासाचा खरा चमत्कार झाला. कोयना प्रकल्पाची क्षमता 1960 मेगावॅट. शिवसागर जलाशयाचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटात शिरतं, पोफळीच्या बाजूला खाली कोसळतं, जनित्रं फिरवतं आणि वाशिष्ठीला मिळतं. कुंभार्ली घाट त्याच कड्यावरून उतरतो. स्टिअरिंग आता पुन्हा काकांकडे होतं. उतारावर त्यांनी पाय उचलला की मोटर जनित्र होते आणि वीज बॅटरीत परत येते. म्हणजे डोंगराच्या आत पाणी आणि बाहेर काकूंची बहीण, दोघंही वजनाच्या जोरावर वीज तयार करत होते.

काकांनी हिशेबही सांगितला. माणसं, डबे धरून सतराशे किलो, उतार साधारण पाचशे मीटर, म्हणजे सव्वादोन युनिटच्या आसपास. वाटेतली गळती वजा जाता दीड. घाटमाथ्यावर 41 टक्के असलेली बॅटरी पायथ्याशी 44 झाली. पेट्रोलची गाडी घाट उतरली आणि टाकीत पेट्रोल वाढलं, असं कुणी सांगितलं तर आपण त्याला पाणी देऊन बसवू. मेहुणीबाई एवढंच म्हणाल्या, "आणखी एक डबा घेणार होते, तर तुम्हीच नको म्हणालात."

घाटात नेटवर्क नव्हतं. सिॲटलच्या नकाशावर गाडी बराच वेळ धरणापाशी स्थिर होती. चिपळूणला रेंज येताच फोनवर बावीस मिस्ड कॉल उतरले.

गुहागरच्या घरगुती खानावळीत 21 टक्क्यांवर पोचल्यावर काकांनी पोर्टेबल चार्जर पंधरा अँपिअरच्या प्लगमध्ये खोचला. लाल दिवा. दुसऱ्या खोलीतही लाल. फ्रीज, पंप, मिक्सर सगळं त्याच विजेवर चालत होतं, पण गाडीला नीट अर्थिंग नसेल तर ती वीज घेत नाही, आणि वैशाखातली जांभ्याची जमीन कोरडी ठणठणीत.

यजमान म्हणाले, "हात्तिच्या!" त्यांनी माडाखालच्या अर्थिंगच्या खड्ड्यात ओंजळभर मीठ टाकलं आणि वर दोन बादल्या पाणी ओतलं. दिवा हिरवा झाला. लाखो रुपयांची गाडी, तिच्यातलं सिमकार्ड आणि सिॲटलपर्यंतची यंत्रणा मिठाच्या ओंजळीवर मार्गी लागली.

सकाळी मीटर बघून यजमानांचा चेहरा मात्र पडला. रात्रीत 36 युनिट. घरगुती वीजदरात 100 युनिटांपुढे भाव चढतो, आणि ते महिनाभर पंखे मोजून लावत त्या रेषेच्या अलीकडे राहिले होते. काकांनी नव्या भावाने पैसे देऊ केले. यजमानांनी ते घेतले, मोजले आणि दारावरच्या फळ्यावर सुरमई थाळी आणि मोदकांच्या खाली खडूने लिहिलं: गाडीचं जेवण, आदल्या दिवशी सांगणे.