हनुवटीचा सीमावाद

मुरुमच्या माणसाला सीमा काय असते हे शिकवावं लागत नाही. आळंदच्या दिशेने निघालं की थोड्या वेळात महाराष्ट्र संपतो आणि पाट्यांची लिपी बदलते. ऊस, धूळ आणि दाढदुखी मात्र न थांबता पुढे जातात. याहून कडक सीमा पाहायची असेल तर दाताच्या दवाखान्यात यावं. ती माणसाच्या हनुवटीवरून जाते. वर बीडीएसचं राज्य, खाली पाऊल टाकलं की घुसखोरी. आणि या वादासाठी कुणी महाजन आयोगही नेमलेला नाही.

परवा एक मावशी अशाच दवाखान्यातल्या खुर्चीत बसल्या आणि तोंड उघडायच्या ऐवजी त्यांनी लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं.

"मावशी, मी दाताचा डॉक्टर हाय."

"आसंना का. मागं दाढंला गोळी दिल्ती, तवा गुडघा बी आठ दिस गप हुता. तीच लिवा."

औषधशास्त्राच्या नजरेतून मावशींचं फारसं चुकलेलं नव्हतं. कायद्याच्या नजरेतून त्या डॉक्टरला फितवत होत्या. डॉक्टर चिठ्ठीकडे बघत राहिले, मावशी डॉक्टरकडे. शेवटी "मग एवढं शिकून काय केलंस बाबा?" म्हणत लुगडं खाली आलं.

आता एवढं शिकून त्याने काय केलं, ते सांगतो. चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन. दुसऱ्या वर्षी विकृतिशास्त्र आणि औषधशास्त्र. तिसऱ्या वर्षी चक्क जनरल मेडिसिन आणि जनरल सर्जरी. म्हणजे काळीज कुठे असतं आणि ते कशाने बंद पडतं, हे सगळं त्याला शिकवतात, परीक्षा घेतात, नापास करतात आणि मग सांगतात की हे फक्त माहितीसाठी होतं.

अशा माणसाला एक दिवस वाटतं की आपण एमबीबीएस व्हावं. या वाटण्याचं मूळ बहुधा लातूरच्या क्लासमध्येच असतं. बारावीनंतर 'नीट' या प्रवेशपरीक्षेत थोडे मार्क कमी पडतात, पसंतीक्रमाच्या अर्जात एमबीबीएसच्या कॉलेजांखाली बीडीएसची कॉलेजं भरलेली असतात आणि नंबर खाली घसरत घसरत दातावर येऊन अडतो. पुढे लग्नाचा बायोडाटा फिरायला लागतो. "मुलगा डॉक्टर आहे." "वा! कशाचा?" या 'कशाचा'ने जेवढी पोरं पुन्हा अभ्यासाला बसली असतील, तेवढी वैद्यकाच्या ओढीने बसली नसतील.

पण जायचं कसं? सरळ रस्ता नाही. बीडीएस झालेल्याला एमबीबीएसच्या मधल्या वर्षात घेत नाहीत. पुन्हा नीट द्या, पुन्हा पहिल्या वर्षाला बसा. कमाल वयाची अट २०२२ साली काढून टाकल्यामुळे आता स्वतःचे दात पडेपर्यंत नीट देता येते, ही त्यातल्या त्यात सोय. मग आमचे डॉक्टर लातूरला रिपीटर बॅचमध्ये जातात. शेजारच्या बाकावरच्या पोराची दाढ त्यांनीच भरलेली असते. उतारावरून घसरणारा ठोकळा, शेवाळाचे प्रकार, फुलाचं पुष्पसूत्र, असे १८० प्रश्न आणि ७२० गुण. मावशींच्या गुडघ्यापर्यंत पोचायचा कायदेशीर रस्ता हा असा शेवाळावरून जातो.

समजा पास झाले. धाराशिवलाच आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथेच नंबर लागला म्हणू. पुन्हा शरीररचना, पुन्हा तेच जीवरसायन. साडेचार वर्षं आणि वर भरीला एक वर्ष इंटर्नशिप. बाहेर पडेपर्यंत तिशी. एमडी करायचं म्हटलं तर आणखी तीन वर्षं. तोवर 'कशाचा?' विचारणाऱ्या सासऱ्याचाच गुडघा बदलून झालेला असतो.

जर्मनीत जबड्याचा सर्जन व्हायला दातांची आणि वैद्यकाची, दोन्ही पदव्या लागतात. तिथे दुसरी पदवी घेणाऱ्याकडे लोक आदराने बघतात. आपल्याकडे म्हणतात, दवाखाना चालला नाही वाटतं.

गंमत अशी की ही सीमा फक्त दातवाल्यालाच लागू आहे. २०१४ साली राज्याने कायदा बदलला आणि होमिओपॅथीवाल्यांना एका वर्षाच्या अभ्यासक्रमावर ॲलोपॅथीची औषधं लिहायची वाट मोकळी केली. त्यांच्या नोंदणीवरून सप्टेंबर २०२५ मध्ये ॲलोपॅथीवाल्यांनी राज्यभर संप केला. २०२० च्या अधिसूचनेने आयुर्वेदाच्या पदव्युत्तर मंडळींना ५८ शस्त्रक्रियांची यादी मिळाली. त्यात दात काढणंही आलं. म्हणजे खालून वर यायला परवानगी आहे. दंत परिषदेने स्वतःच्या लेकरांसाठी २०१८-१९ च्या सुमारास तीन वर्षांच्या ब्रिज कोर्सचा प्रस्ताव मांडला होता, तो तसाच विरला. भरपाई म्हणून की काय, डिसेंबर २०२२ मध्ये परिषदेने जाहीर केलं की जबड्याच्या सर्जननी केसरोपण करायला हरकत नाही. सीमा सरकली, पण उत्तरेकडे. टाळू मिळाली, गुडघा राहिला.

बाकी दाताच्या डॉक्टरला दुसरं काही व्हायला महाराष्ट्राने कधी आडकाठी केलेली नाही. काशिनाथ घाणेकर बीडीएस होते. ते रंगमंचावर संभाजी झाले, लाल्या झाले, लोकांनी थिएटरं डोक्यावर घेतली. ब्रिज कोर्स केलाय का, असं कुणी विचारलं नाही. दातवाल्याला छत्रपती होता येतं, एमबीबीएस होता येत नाही.

आता मला विचाराल तर दातवाल्यांना पूल बांधून द्या, असं मी म्हणणार नाही. कारण असल्या प्रत्येक पुलाच्या प्रस्तावात एक वाक्य ठरलेलं असतं: ग्रामीण भागातली डॉक्टरांची कमतरता. पुलाचं अलीकडचं टोक कुठेही असो, पलीकडचं हमखास मुरुममध्ये उतरतं. वर्षाच्या कोर्सवाला डॉक्टर पुण्यात कोथरूडकरांना चालेल का, हे कुणी विचारत नाही. आमच्या मावशींना चालेल, हे मात्र मुंबईत बसून ठरतं. मावशींना काही विचारतच नाहीत, म्हणून त्या परस्पर दातवाल्याला विचारतात.

माझं म्हणणं एवढंच. जे आधीच शिकवलंय ते पुन्हा पहिल्यापासून शिकवू नका, आणि जे शिकवलेलंच नाही ते कुणालाही, कुठल्याही पदवीवर माफ करू नका. शेवटची परीक्षा सगळ्यांना एकच ठेवा. पास होईल त्याने गुडघा बघावा, मग तो दातवाला असो, होमिओपॅथीवाला असो की सुरुवातीपासून एमबीबीएस. हे होईपर्यंत मुरुमकरांनो, दातवाल्याला गुडघा दाखवू नका. दाढ मात्र वेळेवर दाखवा. मिश्री लावत, चार गोळ्या खात, ती हलायला लागेपर्यंत थांबू नका.