नकाशाला कुलूप घालणाऱ्यास खुले पत्र

गाडीच्या नकाशाला कुलूप घालणाऱ्या महाशयांस,

नमस्कार लिहायला हात होत नाही. तुमच्या कंपनीचं नावही इथं घेत नाही, कारण हा उद्योग तुम्ही एकट्यानं केलेला नाही.

गेल्या पावसाळ्यात आईला घेऊन गगनबावड्याहून कोल्हापूरला परतत होतो. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं होतं, पोलिसांनी गाड्या मागं फिरवल्या. रात्रीचे नऊ वाजले होते, पाऊस मुसळधार आणि मोबाइलला रेंज नाही. म्हणून गाडीतल्या तुमच्या त्या सात इंची पडद्यावर भरवसा ठेवून आडवाटेला लागलो. दहा मिनिटांत पडद्यावरचा रस्ता संपला. नुसता हिरवा रंग आणि त्यावर आमचा बाण पुढं सरकतोय. शेवटी डोक्यावर इरलं घेतलेला एक शेतकरी बॅटरी दाखवत आडवा आला. "म्होरं जाऊ नगासा, रुताल," म्हणाला आणि आम्हाला वळवून वाटेला लावून गेला.

बाण चुकला नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. चार उपग्रहांचा सिग्नल मिळाला की गाडी नेमकी कुठं आहे ते कळतं आणि ते काम तुमचं यंत्र चोख करत होतं. बाणाखालचा रस्ताच तुमच्या फाइलमध्ये नव्हता. त्या फाइलमध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग अजून 4 नंबरचा आहे. 48 नंबर लागून वर्षं लोटली. बेळगावचं सरकारी नाव 2014 च्या 1 नोव्हेंबरला बदललं, त्याचाही तुमच्याकडं पत्ता नाही.

नवा नकाशा मागितला तर उत्तर आलं की या मॉडेलसाठी या प्रदेशाचा नकाशा आता मिळत नाही. याच मॉडेलला परदेशात मिळतो. म्हणजे यंत्र चालतं, तुम्हाला फक्त आमचा मुलूख त्यात घालायचा नाही. नका घालू. मग आम्हाला तरी घालू द्या.

माझी भाची इंजिनिअरिंगला आहे. तिनं ओपनस्ट्रीटमॅपवरून महाराष्ट्राचा नकाशा उतरवून घेतला. हा नकाशा 2004 पासून जगभरचे लोक मिळून करताहेत, तो फुकट आहे आणि कुणालाही वापरता येतो. सुट्टीत तिनं स्वतः फिरून त्यात गल्लीबोळ भरले. गंगावेशीतला कुठला बोळ चारचाकीला पुरतो आणि कुठं आरसे मिटावे लागतात, हे तुमच्या कुठल्या माणसानं पाहिलंय? तुमच्या यंत्राला चालेल असं रूप त्या फाइलला द्यायला तिला तीन आठवडे लागले. फाइल मेमरी कार्डावर भरून कार्ड गाडीत घातलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि एक ओळ उमटली: हे कार्ड या वाहनासाठी वैध नाही. पोरगी काही बोलली नाही. कार्ड काढलं, ओढणीला पुसलं, परत घातलं. तीच ओळ.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी मग उलगडा केला. कार्डाच्या पोटात कारखान्यातच एक क्रमांक कोरलेला असतो. फाइल कितीही चांगली असू दे, तो क्रमांक जुळला नाही तर पडदा दार उघडत नाही. "दादा, इंजिन उतरवून देतो, गिअरबॉक्स खोलतो. पर ह्ये कुलूप आपल्या हातातलं न्हाई," ते म्हणाले.

हे कुठल्या गावात घडतंय, ते ऐका. कोल्हापूरलगतच्या शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या भट्ट्यांतून वाहन कंपन्यांना लागणारं ओतकाम जातं. ज्या गावाचं लोखंड गाडीला चालतं, त्या गावच्या रस्त्यांचं एवढं वावडं कशाला?

सरकारच्या नियमांची ढाल पुढं करू नका. 15 फेब्रुवारी 2021 ला केंद्र सरकारनं नकाशांचे नियम सैल केले, भारतीय कंपन्यांना पूर्वपरवानगीची गरज उरली नाही. गाड्यांना नकाशे पुरवणारी मॅपमायइंडिया तर 1995 पासून देशात आहे. नकाशा विकत घेऊन जुन्या गाड्यांना पुरवणं तुम्हाला जड नव्हतं. तुम्हाला आम्ही नवी गाडी घ्यायला हवी होती.

तुमच्या या कुलपामुळं बाजारात काय चालतं, तेही जाणून घ्या. फोडलेल्या नकाशांची कार्डं गुपचूप विकली जातात. ती कुणी केली, कधीची आहेत, त्यात घाटातली वळणं खरी आहेत का, कुणाला माहीत नसतं. सरळ मार्गानं नकाशा घालू दिला असतात, तर माणसं तिकडं कशाला गेली असती?

2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरानं महामार्ग बंद पडला होता. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांच्या धोका पातळीकडं चढायला लागलं की इथला माणूस आधी पर्यायी रस्ता शोधतो. आमच्यासाठी नकाशा ही चैनीची गोष्ट नाही. मोबाइलवर आधीच उतरवलेला नकाशा वापरून आम्ही निभावू, आता निभावतोच आहोत. पण ज्या पडद्याचे पैसे मोजले, तो मेलेला घेऊन का फिरायचं?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्यात वाहनंही धरली. माझ्यासारख्या गाडीवाल्यांना विनंती आहे, गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, तिथं तक्रार नोंदवा.

आणि तुमच्याकडं एकच मागणी. ज्या दिवशी नकाशा पुरवणं थांबवाल, त्याच दिवशी त्या कुलपाची किल्ली मालकाच्या हाती द्या. आरसी बुकात मालक म्हणून माझं नाव आहे, तुमचं नाही.

एक गाडीमालक,
राजारामपुरी, कोल्हापूर