जुन्या सिनेमांचं कोर्ट मार्शल

ऐकलंत का? आमच्या किल्ल्यात हल्ली शनिवारी रात्री जुन्या सिनेमांची उलटतपासणी चालते. किल्ला म्हणजे कोलकात्याचा फोर्ट विल्यम, लष्कराच्या पूर्व कमांडचं मुख्यालय. हो, नाव बदललंय, ठाऊक आहे. आता तो ‘विजय दुर्ग’, आपल्या देवगडजवळच्या विजयदुर्गावरून. सेंट जॉर्ज गेटचंही शिवाजी गेट झालं. ज्या शहराने 1742 साली मराठ्यांच्या धास्तीने खंदक खणायला घेतला (मराठे काही तिथवर पोचले नाहीत आणि खंदकही अर्धाच राहिला), त्याच शहरातल्या किल्ल्याला कोकणातलं नाव! आता बोला. पण तो विषय वेगळा. सांगायचं ते असं, की एवढ्या कडेकोट बंदोबस्तात, पहारेकऱ्यांच्या नाकावर टिच्चून, आमच्या मराठी वहिनी मंडळी क्वार्टरमध्ये बसून लक्ष्याच्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेच्या, साडीच्या निऱ्या मोजताहेत.

या खुळाचं नाव ‘टिकतो का बघू’. लहानपणी डोक्यावर घेतलेला सिनेमा किंवा मालिका पुन्हा लावायची आणि निकाल द्यायचा: टिकला की पडला. हे सुरू झालं टाळेबंदीत. 28 मार्च 2020 पासून दूरदर्शनने ‘रामायण’ परत दाखवलं, आणि 16 एप्रिलचा भाग 7 कोटी 70 लाख लोकांनी पाहिला असं दूरदर्शननेच मिरवून सांगितलं. तेव्हा निदान हात जोडून तरी बघत होते हो लोक! आता हात रिमोटवर असतो. एका कॅप्टनची पंचविशीतली बायको, दिसायला अगदी गरीब गाय, पण इंद्रजिताचा बाण हवेत असताना तिने चित्र थांबवलं आणि विचारलं, “ताई, हे दोन बाण मघापासून एकमेकांकडे नुसते बघत का बसलेत?” एका ज्येष्ठ मेमसाबांनी चक्क कानाला हात लावले. रामायण काही पडलं नाही, पडणारही नाही. पण बाणांकडे कुणी असं बघतं का?

लष्करी सिनेमांचं तर विचारू नका. ज्यांचे नवरे रोज परेडला जातात त्यांच्यापुढे ‘फौजी’ लावला. 1989 मध्ये याच मालिकेने शाहरुख खानला घराघरांत नेलं, तेव्हा आम्ही शाळेत जीव टाकत होतो त्याच्यावर. परवा पहिल्या दहा मिनिटांत एक सुभेदारसाहेब चहा घ्यायला म्हणून आत डोकावले, कपाळावर रुळणारे ते केस पाहिले, आणि एवढंच म्हणाले, “हा कुठल्या युनिटात आहे?” झालं. पुढचा भाग कुणाला गंभीरपणे बघताच आला नाही.

‘बॉर्डर’वर मात्र खरोखर आरोपपत्र निघालं. 1997 चा सिनेमा, 1971 ची लोंगेवालाची लढाई. पडद्यावर आपली माणसं धडाधड पडतात, आणि प्रत्यक्षात त्या लढाईत आपले दोन जवान गेले. त्याहून कहर म्हणजे सुनील शेट्टीने रंगवलेला भैरोसिंग सिनेमात हुतात्मा होतो, पण खरे भैरोसिंग राठोड लढाईनंतर 51 वर्षं जगले, डिसेंबर 2022 मध्ये वारले. जिवंत माणसाला आपलं हौतात्म्य पडद्यावर बघावं लागलं! हे कळल्यावर खोलीत दोन तट पडले. एक म्हणाला पडला, दुसरा म्हणाला गाणं लागलं की घसा दाटतो की नाही ते सांगा. शेवटी गाण्यापुरता टिकला असं ठरलं. ‘प्रहार’ मात्र ताठ मानेने सुटला. 1991 मध्ये नाना पाटेकरने दिग्दर्शन केलं, मेजर चव्हाण स्वतः रंगवला आणि त्यासाठी लष्करी प्रशिक्षण घेतलं. ते घाम गाळणं खोटं नाही हे या घरांमधल्या बायकांना लगेच कळतं.

आणि मग आला तो शनिवार. ‘अशी ही बनवाबनवी’, भाड्याच्या खोलीसाठी साडी नेसून बायको बनलेल्या पुरुषांचा. अहो, हा सिनेमा परीक्षेला बसवतात का? 1988 पासून मराठी घरांतल्या कुळाचारात आहे तो! वर त्या कॅप्टनीणबाईंनी अट घातली: संवाद म्हणायचे नाहीत, नुसतं बघायचं. काय छळ आहे! मराठी माणूस ‘बनवाबनवी’ डोळ्यांनी बघतो तरी कधी? तोंडाने बघतो. धनंजय माने कुठे राहतात हे कुणी विचारायच्या आत उत्तर तयार असतं. इस्तंबूलच्या औषधापायी घरमालक सरपोतदारांचे सत्तर रुपये ‘वारले’, तेव्हा एका काकूंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, पण अट पाळली.

आणि गंमत अशी, की गप्प बसल्यावर आयुष्यात पहिल्यांदा सिनेमा दिसला. दोष दिसले. पोरींच्या मागे लागण्याचे काही प्रकार आज पोलिस ठाण्यात संपतील. सिद्धार्थ रेचा शंतनू बिचारा बराच वेळ उभाच असतो. प्रेमाची गाणी वाजली की लोक पाणी प्यायला उठतात, तेव्हाही उठत असणार. पण वसंत सबनिसांच्या लेखणीतला एकेक टोला अजून तसाच लागतो. अशोक सराफ पुढच्याचं वाक्य पुरं होण्याआधी डोळ्यांनी हिशेब मांडतो, ते तर आम्ही आजवर पाहिलंच नव्हतं, कारण तेव्हा आम्ही मोठ्यांदा बोलत होतो. आणि लक्ष्याचं डोहाळजेवण! साडी नेसलेल्या पुरुषाच्या लटक्या डोहाळ्यांचं ते गाणं आज महाराष्ट्रात खऱ्या डोहाळजेवणांना लावतात, आणि होणारी आई लाजते. याला टिकणं नाही तर काय म्हणायचं?

पण खरी सनसनाटी पुढे आहे. शेजारच्या बंगाली ताई, दारात उभ्या राहून बघत होत्या, त्या मध्येच म्हणाल्या, “ए तो आमादेर!” म्हणजे हे आमचं. सगळ्या हसल्या. बंगाल्यांना रसगुल्ल्यापासून सगळं आपलंच वाटतं. पण मोबाईल उघडले आणि चेहरे उतरले. ‘बनवाबनवी’च्या आधी त्याच गोष्टीवरचा हृषीकेश मुखर्जींचा 1966 चा ‘बीवी और मकान’, निर्माते आणि संगीतकार हेमंतकुमार. आणि त्याच्याही आधी 1955 चा बंगाली ‘जय माँ काली बोर्डिंग’, भानू बंद्योपाध्यायांचा. म्हणजे आमचा पर्शा, आमचा सुध्या, आमच्या लीलाबाई काळभोर, सगळ्यांचं मूळ बंगालात! माहेर म्हणून ज्या पुण्याकडे बघत होतो ते निघालं सासर.

एका मेमसाबांनी ‘मग काय झालं, तेलुगूत 1991 ला केला, पंजाबीत 2014 ला केला, सगळेच घेतात’ अशी सारवासारव केली. मला मात्र हा सिनेमा का टिकतो याचं उत्तर तिथेच मिळालं. फाळणीनंतरच्या कोलकात्यात भाड्याची खोली मिळणं मुश्किल, 1988 च्या पुण्यात मुश्किल, आणि आज पुण्या-बंगळुरूला नोकरीला लागलेला आमचा भाचा फोनवर तेच सांगतो: ‘मावशी, लग्न झालंय का असं विचारतात, नाही म्हटलं की खोली नाही.’ प्रेमप्रकरणं शिळी होतात, फॅशन तर कधीच गेली. घरमालकाचा संशय तेवढा ताजा आहे. तो आहे तोवर हा सिनेमा पडायचा नाही, मूळ कुणाचंही असो.

बंगाली ताईंनी आता भानूबाबूंचा सिनेमा शोधून आणायचं कबूल केलंय, दोन्ही एकामागोमाग लावून कुठला टिकतो ते ठरवू म्हणतात. आमच्या बाजूने अट एकच: बंगाली मंडळींनीही संवाद म्हणायचे नाहीत. त्यांनी ती ऐकताक्षणी फेटाळली. आणि त्या कॅप्टनीणबाई? त्यांनी पुढच्या महिन्यासाठी ‘माहेरची साडी’ काढलाय. 1991 मध्ये ज्यांनी थिएटरात रुमाल भिजवले त्या चार जणींनी त्या शनिवारी आत्ताच डोकं दुखणार असल्याचं कळवलंय.