नव्वद दिवस हातात आहेत

शैक्षणिक कर्जाचा हप्ता थकला की घरात पहिल्यांदा लपतो तो फोन. अनोळखी नंबर दिसला की आई रिंग बंद करते, मुलगा बँकेचा रस्ता टाळतो. या लपाछपीतच ९० दिवस उलटतात आणि खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक कर्ज, होतं. बँकेशी बोलायची खरी वेळ होती ती हीच, थकबाकीदार ठरण्याआधीची.

इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत २०१५ च्या सुधारणेने एक तरतूद आली. नोकरी गेली किंवा फारच तुटपुंज्या पगारावर राबावं लागलं, तर कर्जाच्या काळात दोन-तीनदा हप्ते थांबवून मिळू शकतात. आधी लहान आणि पुढे मोठे हप्ते बांधून घेण्याचीही सोय त्यात आहे. सही घेताना बँकेच्या साहेबांनी हे वाचून दाखवायला नको का? बावीस वर्षांच्या पोराने ते कलम स्वतः शोधून काढावं, ही अपेक्षाच मला संतापजनक वाटते. तुमच्या बँकेने यातलं काय स्वीकारलंय ते शाखेत विचारा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी आश्वासनाला किंमत नाही.

मात्र हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही. मुदत वाढवतानाही हिशेब आधी मांडा. साडेसात लाखांचं कर्ज, दर १० टक्के धरा. सात वर्षांत फेडायचं तर हप्ता साधारण १२,४५० रुपये, पंधरा वर्षांत ८,०६०. महिन्याला श्वास घेता येतो, पण एकूण चार लाख जास्त जातात. पोटाला चिमटा बसत असेल तर खुशाल मुदत वाढवा, आणि पगार वाढला की जादा भरा. ‘सेटलमेंट’ला, म्हणजे कमी रकमेत खातं मिटवायला, मात्र घाईने हो म्हणू नका. सिबिलच्या पतनोंदीत तो शब्द राहतो आणि पुढचं घरकर्ज अडतं.

आणि वसुलीवाले. सकाळी आठच्या आधी, संध्याकाळी सातनंतर त्यांनी वसुलीसाठी फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावलंय. फोन आलाच तर वेळ आणि नंबर लिहून ठेवा, बँकेकडे तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे पैसे लागत नाहीत. शेजाऱ्यांसमोर तुमच्या वडिलांचा पाणउतारा करण्याचा अधिकार कुठल्याही एजंटाला नाही.