आदत खोंडाची बडदास्त

खिलार खोंड पुसेगावच्या सेवागिरी यात्रेतल्या प्रदर्शनात उभं करायचं ठरलं, की घरातली आहाराविषयीची सगळी अक्कल गोठ्यात मुक्कामाला जाते. आईचं दूध पुरत नाही म्हणून दुसऱ्या गाईचं, वर मक्याचा भरडा, भिजवलेली पेंड, हुलगे, कणकेचे गोळे. मालक हौशी असला तर अंडीसुद्धा. रवंथ करणाऱ्या पोटानं अंड्याचं काय करायचं, हे त्या पोटाला कुणी शिकवलेलं नसतं. पण अंगावर चकाकी येते असं शेजारगावचा पैलवान सांगतो, आणि पैलवानाशी वाद कोण घालणार? धान्य अति झालं की पोटात आम्ल वाढतं, खोंड वैरणीला तोंड लावेनासं होतं. डॉक्टर येतात, खायचा सोडा देतात आणि भरडा कमी करून कडबा वाढवा म्हणतात. इतका स्वस्त सल्ला मालकाला पटत नाही.

खोंडाच्याच आईची कालवड पलीकडच्या दाव्याला उरल्यासुरल्यावर वाढते. उद्या दूध तीच देणार, पुढचं खोंडही तिच्याच पोटचं. पण कालवडीशेजारी फेटा बांधून फोटो काढायची पद्धत नाही.

मग खोंडाला खरारा, शिंगं साळून तेल, गुलालाची खरेदी. प्रदर्शनात परीक्षक आधी जबडा उघडतात. सगळे दुधाचे दात असतील तर आदत. दोन-अडीच वर्षांच्या सुमाराला पक्क्या दातांची पहिली जोडी आली की गट बदलला. मालक ‘आदतच आहे’ म्हणून शपथा घेत असतो, खोंड निमूटपणे दोन पक्के दात दाखवतं. नंबर हुकतो. गावात परतल्यावर कळतं, की परीक्षकाला खिलारातलं ओ की ठो कळत नव्हतं.